विषयचिंतन आणि खिशातील घंटी

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ या श्लोकांत भगवंतांनी मनुष्याच्या पतनाचा जो क्रम सांगितला आहे, त्याचा आरंभ विषयाच्या दर्शनापासून नव्हे, तर चिंतनापासून होतो. हा सूक्ष्म भेद पाहावयास अरण्यात जावे लागत नाही. तो कारखान्यातही दिसतो.

बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र आहे. तेथील लहानमोठ्या कारखान्यांत लेथवर धातूचे सुटे भाग कातले जातात आणि मायक्रोमीटरने मोजले जातात. या साधनाच्या फिरत्या नळीवर पन्नास खुणा असतात. एक मिलिमीटर पुरा होण्यास तिचे दोन फेरे लागतात. खूण तीच, पण फेरा पहिला की दुसरा, याचे भान सुटले तर १२.२८ चे १२.७८ होतात आणि कातलेला भाग वाया जातो. समजा, नेमक्या त्याच क्षणी कामगाराच्या खिशातील फोन थरथरला. त्याने तो काढला नाही, पाहिलाही नाही. तरी ‘कोणाचा असेल?’ एवढा विचार उठताच डोळे मापावर आणि चित्त खिशात, अशी अवस्था होते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच आढळले. फोनला हात न लावताही, केवळ सूचना आल्यानेच अवधानाच्या कामात चुका वाढल्या. ध्वनी क्षणाचा असतो. चूक घडवितो तो त्यामागून येणारा विचार.

मग फोन घरीच ठेवावा काय? गृहस्थाला असे सांगणे सोपे आहे, परंतु पुष्कळदा ते अनुचितही ठरते. बेळगावकडून पोटासाठी तेथे आलेल्या मुलाची वृद्ध आई गावी आजारी असेल, तर तिचा निरोप ऐकणे हे त्याचे कर्तव्यच होय. तो टाळणे म्हणजे वैराग्य नव्हे. मात्र आईची हाक, दुकानाची जाहिरात आणि मित्रमंडळींचे विनोद यांना एकच घंटी असावी, हा निव्वळ अविवेक आहे. निवडक माणसांचेच फोन वाजावेत व बाकी सूचना मुक्या राहाव्यात, अशी सोय बहुतेक फोनांत असते. ती करून ठेवावी. उरलेले जेवणाच्या सुटीत पाहावे. (जाहिरातींपायी मात्र ती सुटीही दवडू नये.)

एवढे करूनही काही दिवस हात आपोआप खिशाकडे जाईल. फोन न थरथरताही थरथरल्याचा भास होईल. त्याने खिन्न होण्याचे कारण नाही. सहाव्या अध्यायाच्या २६व्या श्लोकात मन जेथे जेथे जाईल तेथून त्याला परत आणावयास सांगितले आहे. ते जाणारच नाही, असे आश्वासन तेथे दिलेले नाही. जाणता कामगार हेच करतो. चित्त खिशात गेल्याचे कळताच तो अर्धवट वाचलेले माप सोडून देतो, मायक्रोमीटर पुन्हा उघडतो आणि पहिल्यापासून मोजू लागतो.