प्रकाशे पाहताना

पुरुषोत्तमनगर, शहादा या बाजूने नंदुरबारकडे जाणारा प्रवासी प्रकाशे येथे तापी ओलांडतो. सातपुड्यातून आलेली गोमाई येथेच तापीला मिळते. या संगमामुळे प्रकाशास दक्षिणकाशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर व पुष्पदंतेश्वर ही मंदिरे आणि दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थाचा मेळा आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यांविषयी नव्याने लिहिण्याचे कारण नाही. येथील आणखी एक प्रेक्षणीय स्थळ मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा निसटते. ते म्हणजे गावालगतचे पांढरीचे टेकाड.

काळी आणि पांढरी हा भेद शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. काळीत पीक उभे राहते, पांढरीत घर. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे बांधली जातात, पडतात, त्यांच्याच मातीवर पुन्हा उठतात. चुलीची राख, शेण, फुटकी मडकी तेथेच साचतात आणि जमीन इंचाइंचाने उंच होते. प्रकाशाची पांढर अशीच वाढली.

१९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा वस्तीचे चार कालखंड उलगडले. सर्वांत खाली दगडाची धारदार पाती, अल्पसे तांबे आणि काळ्या रंगाने नक्षी रेखलेली लाल मडकी सापडली. लोखंडाचा मात्र मागमूस नव्हता. हा ताम्रपाषाण काळ, आजपासून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यावरच्या थरात लोखंड अवतरते. त्याहून वरचा थर सातवाहनांच्या काळाला जाऊन भिडतो. पितळखोऱ्याची आणि अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी कोरली जात होती, त्या काळात येथे माणसे धान्य दळत होती, चुली पेटवत होती. लेणी पाहण्यास आपण आवर्जून जातो; त्या काळच्या सामान्य माणसांचे घर कोठे होते, हे मात्र क्वचितच विचारतो. त्याचे एक उत्तर आपल्याच तालुक्यात आहे.

दगड, कासे आणि लोखंड या क्रमाने प्राचीन काळ ओळखण्याची रीत डेन्मार्कमध्ये रुजली. कोपनहेगनच्या संग्रहालयातील जुन्या वस्तूंचा ढीग कसा लावावा, या अडचणीतून ख्रिस्तियान थॉमसेन यांनी ती बसवली आणि १८३६ च्या मार्गदर्शिकेत मांडली. इतक्या दूरच्या कपाटांसाठी केलेली ही मांडणी तापीकाठच्या मातीलाही उपयोगी पडली, याचे आम्हांला कौतुक वाटते. आपल्याकडे तिला थोडी मुरड घालावी लागली, कारण येथे तांबे आले तरी दगडी पाती सुटली नाहीत.

टेकाड पाहण्यास पावसाळ्यानंतर जावे. पाण्याने कापलेल्या कडेसमोर उभे राहून वरून खाली पाहावे. राखेचा करडा पट्टा, तांबूस मातीचा थर, मध्येच अडकलेली खापरी दिसली, तर तिचे चित्र वहीत काढावे. खापरी उचलू नये. शाळांच्या प्रदर्शनात मांडण्यासाठी अशा खापऱ्या गोळा करण्याची हौस आम्हांला घातक वाटते. खापरीचे वय तिच्या थरावरून कळते. थर सुटला की ती नुसती फुटकी खापरी.

मोठा धोका मात्र वेगळाच आहे. पांढरीची माती राखेने व शेणाने कसदार असते आणि ती शेतात नेऊन टाकण्याची रीत जुनी आहे. ती नेणारा शेतकरी काही वाईट हेतूने नेत नाही. पण नेलेला थर पुन्हा घालता येत नाही, आणि उसाच्या एका हंगामाला जेवढे खत लागते तेवढ्यात शंभर वर्षांचा वृत्तान्त संपतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज ग्रामपंचायतीत किंवा शाळांत आहेत, त्यांनी आपापल्या गावची पांढर कोठे आहे आणि तिची किती उरली आहे, एवढे तरी पाहून ठेवावे. तापीकाठी अशी टेकाडे आणखीही आहेत.

सहल काढणार असाल, तर दत्तजयंतीच्या सुमारास काढावी. त्या दिवसांत सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते. सकाळी प्रकाशे आणि दुपारनंतर सारंगखेडे, अशी दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात होतात.