व्हर्च्युअल राउटर : अपडेटपूर्वी आणि अपडेटनंतर

व्यापारी बंधूंनो, दुकान एका गावी आणि गोदाम दुसऱ्या गावी, अशी आपल्यापैकी पुष्कळांची स्थिती आहे. पूर्वी मालाचा हिशेब फोनवर विचारला जाई. आता दुकानात बिल फाटले की गोदामाच्या संगणकावर साठा कमी झालेला दिसतो. ही जोडणी राउटर सांभाळतो. आपल्या ओळखीचा राउटर म्हणजे भिंतीवरची डबी. पण तेच काम करणारे सॉफ्टवेअर सर्व्हरच्या पोटातही बसवता येते. त्याला व्हर्च्युअल राउटर म्हणतात. लाटव्हियाच्या मायक्रोटिक कंपनीचा 'क्लाउड होस्टेड राउटर' आणि लिनक्सवर बांधलेला 'व्हायओएस' ही त्याची दोन उदाहरणे.

डबीवर धूळ बसली तर निदान ती दिसते. हा राउटर दिसतच नाही, म्हणून विसरला जातो. आमच्या पेढीतला तीन वर्षे तसाच चालला होता. बसवणाऱ्या कारागिराला अपडेटविषयी विचारले तर तो म्हणाला, "चालतंय ना चाचा, मग हात कशाला लावायचा?" आम्हालाही ते पटले होते. मागाला उगीच हात लावू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण माग रस्त्यावर उघडा नसतो, आणि राउटरचे एक तोंड कायम बाहेरच्या जगाकडे असते.

२०१८ साली काय झाले ते पाहा. मायक्रोटिकचा राउटर लांबून चालवण्यासाठी 'विनबॉक्स' नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याच्या दारात एक भगदाड सापडले. पासवर्ड माहीत नसतानाही बाहेरचा माणूस राउटरमधील फाइली वाचू शकत होता आणि त्यांतून पासवर्डच काढू शकत होता. कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये दुरुस्ती दिली, तीही मोफत. तरी त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत ब्राझीलपासून सुरू होऊन लाखाहून अधिक राउटर चोरांच्या ताब्यात गेलेले आढळले. त्यांच्या मार्गे जाणाऱ्यांच्या संगणकांवर गुपचूप डिजिटल नाणी पाडण्याचे काम चाले. वीज मालकाची, कमाई चोराची! दुरुस्ती तयार होती, पण ती घालणारा कोणी नव्हता.

याहून मोठा धडा पुढे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियाच्या यांडेक्स कंपनीवर 'मेरिस' नावाच्या टोळधाडीने हल्ला केला. सेकंदाला २ कोटी १८ लाख मागण्या! त्यात मायक्रोटिकचे राउटर मोठ्या संख्येने होते. कंपनीने खुलासा केला की हे २०१८ मध्येच फोडले गेलेले राउटर आहेत, आणि नुसते अपडेट करून भागत नाही. पासवर्ड आधीच चोरीला गेला असेल तर भगदाड बुजवूनही चोर किल्लीने आत येणार. म्हणून अपडेट झाल्यावर पासवर्ड बदलावा, आपण न बनवलेला एखादा वापरकर्ता किंवा नेमून ठेवलेले काम आत आहे का ते पाहावे, आणि विनबॉक्सचे दार (पोर्ट ८२९१) बाहेरच्यांसाठी बंद करावे. हे काम कारागीर सहसा करीत नाही, कारण त्याला कोणी सांगत नाही.

आता दुसरी बाजू. अपडेट दोन जातींचे असते. एक भगदाड बुजवणारे, दुसरे नव्या सोयी देणारे. पहिले थांबवू नये. दुसऱ्याची घाई नसावी. मायक्रोटिकमध्ये 'लाँग-टर्म' नावाची वाट आहे, तिच्यात फक्त अत्यंत महत्त्वाच्या दुरुस्त्या येतात. व्हायओएसची रोज तयार होणारी 'रोलिंग' प्रत मोफत आहे, पण तिच्यात नव्या सोयी सतत शिरत असतात. दीर्घ मुदतीची पक्की प्रत तयार हवी तर वर्गणी भरावी लागते. पेढीचा हिशेब ज्यावर चालतो तिथे फुकटचा मोह आम्हाला तरी परवडत नाही.

नवे ते सुरक्षितच असेही नाही. लांबून लिनक्समध्ये शिरण्याच्या 'ओपनएसएसएच' या प्रोग्रॅममध्ये जुलै २०२४ मध्ये एक दोष उघड झाला. तो मुळात २००६ साली बुजवलेला होता आणि २०२० मधील एका बदलात चुकून परत आला. डेबियन १२ मध्ये तो होता, आणि व्हायओएस १.४ त्यावरच बांधलेले आहे. जुने १.३ डेबियन १० वर होते, तिथे हा दोष नव्हता. म्हणून काही १.३ वरच बसून राहायचे नाही, कारण जुन्याच्या दुरुस्त्या कधीतरी थांबतातच. फक्त नवी प्रत घेतली म्हणजे खबरदारी संपली असे समजू नये.

अपडेटची भीती वाटते ती वाट बंद पडेल म्हणून. व्हायओएसमध्ये नवी प्रत जुनीच्या शेजारी बसते. बिघडले तर सुरू करताना जुनी निवडता येते. मांडणी बदलताना 'कमिट-कन्फर्म' ही आज्ञा दिली आणि दहा मिनिटांत आपण होकार दिला नाही, तर राउटर स्वतःच जुन्या मांडणीवर परततो. गोदाम वीस मैल दूर असलेल्याला याची किंमत कळेल.

व्हर्च्युअल राउटरचा 'स्नॅपशॉट', म्हणजे त्या क्षणाची पूर्ण नक्कल, काढून ठेवता येते. अपडेटपूर्वी ती जरूर काढावी. मात्र सहा महिन्यांनी तीच नक्कल परत बसवली तर जुने भगदाड आणि जुना पासवर्डही परत येतो. आमच्याकडे एकदा हे झाले. सुदैवाने दुसऱ्या दिवशीच लक्षात आले. तेव्हापासून प्रत्येक नकलेवर तारीख घालतो आणि महिनाभराने ती पुसून टाकतो.