रोबो अडला की आधी जागा बघ

अगं, सफाई करता करता रोबो मध्येच थांबला आणि ‘सेन्सर तपासा’ म्हणून बोंबलायला लागला, की धावत जाऊन त्याला उचलू नकोस. उचललास की अर्धी माहिती गेली. आधी तो कुठे उभा आहे ते बघ. रोज त्याच जागी अडत असेल तर दोष बहुतेक घराचा, म्हणजे तिथल्या फरशीचा, आरशाचा नाहीतर उन्हाचा. घरभर कुठेही अडत असेल तर दोष त्याच्या अंगावर शोधायचा. मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात शिकाऊ म्हणून लागले, तेव्हा आमच्या फोरमनसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: काटा खोटं दाखवतोय म्हणण्याआधी काट्यापर्यंत काय पोचतंय ते बघ. ते बोलत होते प्रेशर गेजबद्दल, पण तुझ्या रोबोला ते जसंच्या तसं लागू आहे.

सगळ्यात जास्त तक्रारी तळाच्या सेन्सरच्या. रोबो उलटा केलास की पुढच्या कडेला छोट्या काळसर खिडक्या दिसतील, कुठे चार, कुठे सहा. प्रत्येक खिडकीतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश खाली पडतो आणि फरशीवरून परत येतो. परत आला नाही तर रोबो समजतो की पुढे जिना आहे, आणि मागे फिरतो. आता काळा कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट हा प्रकाश पिऊन टाकतो, गडद गालिचाही तसाच. म्हणजे तुझ्या पांढऱ्या टाइल्सवर शहाण्यासारखा चालणारा रोबो स्वयंपाकघराच्या काळ्या पट्टीपाशी अडला, तर तो बिघडलेला नाही. खात्री हवी तर त्या पट्टीवर पांढरा कागद चिकटपट्टीने सपाट चिकटव. कागदावरून तो पुढे गेला की समज, सेन्सर ठणठणीत आहे.

काही जण यावर उपाय म्हणून खिडक्यांवरच पांढरी पट्टी चिकटवतात. घरात एक जरी पायरी असेल तर हे अजिबात करायचं नाही, रोबो थेट खाली जाईल. आणि आपल्याकडच्या बाथरूम-बाल्कनीची फरशी खोलीपेक्षा बोटभर-दोन बोटं खाली असते. इतका कमी उतार कित्येकदा त्याला चांगल्या सेन्सरनिशीही कळत नाही. तिथे सेन्सरवर भरवसा ठेवण्यापेक्षा दार लावून घ्यावं, मी तेच करते.

घरभर अडत असेल तर या खिडक्या पूस. कोरडं, मऊ सुती फडकं घ्यायचं आणि कोपऱ्यासाठी कानकाडी. फिनेल नको, ओलं फडकं नको, पदराने तर नकोच, जरीची किनार प्लॅस्टिकवर ओरखडे पाडते. पुसून भागलं नाही तर फोनचा कॅमेरा कामाला लाव. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून त्याचं टोक कॅमेऱ्यातून बघ, जांभळट ठिपका दिसला तर तो कॅमेरा चालेल. बऱ्याच फोनांचा मागचा कॅमेरा हा प्रकाश गाळतो, म्हणून सेल्फीचा घ्यावा. मग सफाई सुरू करून रोबो लगेच उचल आणि तळ कॅमेऱ्यासमोर धर. उचलल्यावर काही क्षणांतच तो बंद होतो, तेवढ्यात बघायचं. बाकीच्या खिडक्यांत ठिपके आहेत आणि एकच काळी राहिली, तर ती गेली असं समज. एकही दिसला नाही तर निष्कर्ष काढू नकोस, तो आधीच झोपला असेल.

रोबो सारखा मागे मागे जातोय, किंवा एकाच बाजूला गोल फिरतोय? बम्पर बघ. पुढची ती अर्धगोल पट्टी डावीकडे, मध्ये, उजवीकडे अंगठ्याने दाब. प्रत्येक वेळी ती ताबडतोब बाहेर यायला हवी. एका बाजूला आत रुतून बसत असेल तर फटीत काहीतरी आहे. आपल्या घरांत ते बहुधा रांगोळी नाहीतर रवा असतो. जाड कागदाची कडा फटीतून फिरव, मग रोबो तिरका धरून तळहाताने हलके ठोक, कण खाली पडतात. तेल सोडायचा मोह आवर, तेलावर धूळ बसते आणि चार दिवसांत फट जास्तच घट्ट होते.

तुझ्या रोबोच्या डोक्यावर फिरणारी टोपी आहे का, हेही माहीत हवं. 2002 साली आयरोबोटचा पहिला रुम्बा आला तेव्हा त्याला घराचा नकाशा वगैरे काही नव्हता, आपटत आणि वळत तो घर झाडायचा. लेझरने नकाशा काढणारा नीटोचा रोबो आला 2010 साली. आता ही टोपी सर्रास दिसते, आणि तिचा वैरी म्हणजे आरसा. कपाटाला खालपर्यंत आरसा असेल तर लेझर त्यावरून उडतो आणि नकाशात भिंतीपलीकडे एक नसलेली खोली उगवते. ॲपमध्ये अशी खोली दिसली तर सेन्सरला दोष देऊ नकोस. टोपी जमिनीपासून साधारण 9-10 सेंटिमीटर उंचीवर असते, त्या उंचीवर आरशाला कागदाची मॅट पट्टी लाव, नाहीतर ॲपमध्ये तिथे मनाईची रेघ ओढ. बाल्कनीच्या दारातून थेट ऊन येतं त्या वेळी तिथली सफाई ठेवू नकोस, उन्हात इन्फ्रारेडही असतोच. टोपीऐवजी कॅमेरा असलेला रोबो असेल तर उलट, त्याला उजेड लागतो. रात्री दिवे मालवून सोडलास तर तो वाट चुकणारच.

चाकांकडे लोक बघतच नाहीत. चाक किती फिरलं यावरून रोबो आपण किती पुढे आलो ते मोजतो. केस गुंडाळून चाक जड झालं, किंवा ओल्या फरशीवर घसरलं, की हिशोब चुकतो आणि नकाशा तिरपा होतो. पुढचं छोटं चाक बहुतेक रोबोंमध्ये सरळ ओढलं की हातात येतं. ओढून बघ, आसाभोवती लांब केसांची आणि दोऱ्यांची घट्ट वळी निघेल. कात्रीने उभी कापून काढ. आमच्या ओळखीच्या घरी ‘सेन्सर बदला’ म्हणून सांगितलेला रोबो एवढ्यावर सुरळीत झाला.

कचऱ्याचा डबा रिकामा असून ‘भरला’ म्हणत असेल, तर डब्याच्या आतल्या भिंतीवर समोरासमोर छोट्या खिडक्या आहेत का बघ, असल्या तर पूस. चार्जिंगच्या स्टँडपाशी येऊन भरकटत असेल तर स्टँडची काळी काच आणि स्टँडवरच्या नि रोबोवरच्या पत्र्याच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसून स्टँडच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेव.

दिवाळीत आणि रंगकामाच्या दिवसांत मात्र रोबो बाहेरच काढू नकोस. रांगोळी, हळदकुंकू, पुट्टीची भुकटी, पोरांच्या कॅरमची पावडर, हे सगळं आधी केरसुणीने आणि ओल्या फडक्याने काढायचं. ही बारीक पूड खिडक्यांवर पातळ थर देते. तो थर नजरेला दिसत नाही, पण प्रकाश अडवतो.

एवढं करूनही पांढऱ्या फरशीवर, ऊन नसताना, स्वच्छ पुसलेला रोबो तीच तक्रार करत असेल, तर दुरुस्तीला दे. वॉरंटी असेल तर एकही स्क्रू फिरवू नकोस. तो अडतो त्या क्षणाचा व्हिडिओ काढून ठेव, कारण मेकॅनिकच्या टेबलावर तो हमखास नीट चालतो. कुठली फरशी, दिवसाची कुठली वेळ, स्क्रीनवर कुठला आकडा, हे चिठ्ठीवर लिहून रोबोला चिकटव. आणि स्टँडही सोबत पाठव.