ग्रॅव्हिटी चुकली? खिशात हात घालण्याआधी

रेसिपीत १.०५५ लिहिलेलं असतं आणि हायड्रोमीटर १.०५० दाखवतो. अमेरिकेत हौसेनं घरी बिअर करणारे आपले बरेच जण अशा वेळी थेट खरेदीला निघतात. त्याआधी एक फूटपट्टी घ्या आणि पातेल्यात द्रव किती आहे ते मोजा.

उकळताना पाणी उडतं, साखर उडत नाही. सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे. उकळण्याआधी साडेसहा गॅलन वर्ट १.०४२ असेल, तर ४२ गुणिले साडेसहा म्हणजे २७३ पॉइंट तुमच्याकडे आहेत. आटून पाच गॅलन उरले तर १.०५५ आणि साडेपाच उरले तर १.०५०. म्हणजे बिघडलं काहीच नाही, बिअर अर्धा गॅलन जास्त झाली. अजून अर्धा तास उकळा. खर्च फक्त गॅसचा. आकडा जास्त आला तर उलट करायचं, उकळून गार केलेलं पाणी घालायचं.

दुसरा संशयित तापमान. बहुतेक हायड्रोमीटर ६० अंश फॅरनहाइटला जुळवलेले असतात. दीडशे अंशांच्या वर्टमध्ये बुडवलात तर तो सुमारे २० पॉइंट कमी दाखवेल. तक्त्यावरून दुरुस्ती करता येते, पण एवढ्या गरम नमुन्यावर तिचा भरवसा नाही. नमुना गारच करा. आणि त्याआधी पातेलं ढवळा, कारण पहिला दाट वर्ट तळाशी बसतो, धुवणाचा पातळ वर राहतो.

हायड्रोमीटरवरच शंका असेल तर डिस्टिल्ड पाण्यात १.००० यायला हवं. मग ९० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम साखर, याच प्रमाणात नळी भरेल एवढं करा: १.०४० यायला हवं. काचेतली कागदी पट्टी सरकलेली असते कधी कधी. नवा हायड्रोमीटर साधारण १० ते १५ डॉलरला मिळतो.

एवढं करूनही आकडा कमीच असेल तर भरड बघा. अख्खे दाणे दिसत असतील तर साखर त्यांच्यातच अडकली. दुकानदाराला माल्ट दोनदा भरडून द्यायला सांगा. अनेक जण त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. स्वतःची गिरणी दीडशे डॉलरच्या आसपास पडते, आणि इथे मात्र थोडं गणित करावं. ७५ टक्के उतारा धरून १० पौंड माल्ट लागत असेल, तर ६० टक्क्यांना साडेबारा पौंड लागेल. पौंडाला दोन डॉलर धरले तरी दर खेपेला तोटा पाच डॉलरचा. वर्षातून चार-सहा वेळाच बिअर करणाऱ्यानं गिरणी घेऊ नये. जास्तीचं माल्ट घ्यावं. त्या दिवसाची खेप सावरायला सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट आहेच: पाच गॅलनला पाच पॉइंट चढवायला अर्ध्या पौंडाहून थोडं जास्त पुरतं.

खरा पैसा घालावा तो चांगल्या डिजिटल थर्मामीटरवर. मॅश १५८ अंशांवर गेला तर यीस्टला न पचणारी साखर जास्त उतरते आणि शेवटची ग्रॅव्हिटी वरच अडकते. हीच तक्रार रिफ्रॅक्टोमीटर वापरणारेही करतात, पण तिथे दोष उपकरणाचा नसतो: अल्कोहोल आलं की त्याचा आकडा दुरुस्त केल्याशिवाय वाचता येत नाही. बाटल्या भरण्याआधी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं हायड्रोमीटरचा आकडा तोच यायला हवा, नाहीतर बाटल्या फुटतात. फोनवर आकडे पाठवणारा तरंगता सेन्सर ही निव्वळ चैन आहे, असं माझं मत.

अमेरिकेत संघीय कायद्यानं वर्षाला एकच प्रौढ असलेल्या घरात १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन बिअर करता येते. विकता येत नाही. भारतात परतायचा बेत असेल तर हे सामान इथेच विकून टाका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे.