घशाच्या दुखण्याचे नऊ दिवस

घशाची खवखव, गिळताना टोचणे, घास न उतरणे आणि आवाज बसणे या साऱ्या तक्रारींना बोलीत एकच नाव आहे : घसा धरला. नाव एक असले तरी कारणे निराळी असतात. ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) परिसरात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेची थंडी, पेटवलेल्या पाचटाचा धूर आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांमागची धूळ यांनी घसा कोरडा पडतो, चुरचुरतो. अशा दुखण्यात ताप नसतो आणि धूरधूळ टळली की आराम पडतो. ताप आला की मात्र जंतूंचा विचार करावा लागतो.

जंतूंमुळे होणारे घशाचे बहुतेक आजार विषाणूंचे असतात. नाक वाहते, शिंका येतात, खोकला असतो, डोळे चुरचुरतात, आवाज बसतो. अँटिबायोटिक गोळ्यांचा विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही, आणि आठवड्याभरात हा आजार आपोआप ओसरतो. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, भरपूर पाणी, मऊ भात किंवा पेज, ताप-दुखण्यासाठी वजनाच्या मानाने पॅरासिटामॉल आणि विश्रांती एवढे पुरते. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये आणि मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

उरलेल्यांत महत्त्वाचा आजार स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा. मुलांच्या घसादुखीत साधारण चारपैकी एकाला आणि मोठ्यांत दहापैकी एकाला तो असतो. त्याची ओळख पटवण्यासाठी अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट सेंटॉर यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या चार खुणा आजही वापरतात : ताप असणे, खोकला नसणे, टॉन्सिल सुजून त्यावर पांढरट-पिवळे ठिपके येणे आणि जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखणे. वय ५ ते १५ असेल तर संशय वाढतो. कधी अंगावर बारीक, हाताला खरखरीत लागणारे पुरळही उठते. खुणांवरून केवळ अंदाज बांधता येतो. घशातला स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन तपासला की खात्री होते. चार खुणांतली ‘खोकला नसणे’ ही खूण घरोघरी उलटी वाचली जाते. खोकला नाही, सर्दी नाही, म्हणजे दुखणे किरकोळ, असे समजले जाते.

लेखकाच्या घरी तेच घडले. डिसेंबरात दहा वर्षांच्या मुलाचा घसा धरला, ताप चढला, खोकला मात्र नव्हता. उरुसात खाल्लेल्या बर्फाच्या गोळ्यावर दोष ठेवून घर मोकळे झाले. शेजारच्या घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या त्याला दिल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, मूल शाळेत गेले, आणि गोळ्यांनी गुण आला असे मानून उरलेली स्ट्रिप कपाटात ठेवली गेली. तीन आठवड्यांनी त्याचा उजवा गुडघा सुजला. खेळताना मुका मार लागला असेल म्हणून लेप लावला. दोन दिवसांत गुडघा उतरला आणि डावा घोटा सुजला. जागा बदलणारी ही सूज पाहून डॉक्टरांनी प्रथम विचारले, ‘‘महिन्याभरात घसा दुखला होता का?’’ छातीला नळी लावली तेव्हा हृदयाचा जादा आवाज ऐकू आला. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मायट्रल झडपेतून रक्त मागे गळताना दिसले. निदान झाले : रुमॅटिक फीवर, म्हणजे सांध्यांचा व हृदयाचा ताप.

या आजारात चकवा आहे तो असा. स्ट्रेप्टोकोकसचे घशातले दुखणे औषध न घेताही तीन ते पाच दिवसांत कमी होते. पण शरीराने त्या जिवाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे काही मुलांत हृदयाच्या आणि सांध्यांच्या पेशींनाच शत्रू समजतात, कारण जिवाणूच्या आणि या पेशींच्या रचनेत साम्य असते. हा हल्ला घसा बरा झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी दिसतो. सांधे पूर्ववत होतात. झडपेवरचा व्रण मात्र पुढे आयुष्यभर राहू शकतो. म्हणून बरे वाटणे ही आजार गेल्याची खूण धरता येत नाही.

रुमॅटिक फीवर टाळण्याचा मार्ग १९५० मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग येथील लष्करी तळावर सिद्ध झाला. घसा दुखणाऱ्या सैनिकांना पेनिसिलिन दिल्यावर त्यांच्यातले रुमॅटिक फीवरचे प्रमाण एकदम घटले. पुढे असेही दिसले की लक्षणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू केले तरी हृदयाचे रक्षण होते. तपासणीला, अहवालाला आणि औषधाला एवढा अवधी पुरेसा आहे. घाबरून पहिल्याच दिवशी हाताला लागेल ती गोळी घेण्याचे कारण नाही. पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिनचा कोर्स दहा दिवसांचा असतो आणि तो ताप उतरल्यावरही पुरा करावा लागतो. गोळ्या चुकण्याची भीती असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन देता येते. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगावे. ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ आहे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, अशी ती खूण आहे. औषध सुरू झाल्यावर निदान एक दिवस मुलाला शाळेत पाठवू नये, आणि त्याचा पेला, टॉवेल वेगळा ठेवावा. एका घशातून दुसऱ्यात आजार किती वेगाने जातो हे इस्लामपूरने मार्च २०२० मध्ये अनुभवले. करोनाच्या पहिल्या चार रुग्णांपासून थोड्याच दिवसांत एकाच नात्यागोत्यातले वीसहून अधिक जण बाधित झाले होते.

काही लक्षणांत नऊ दिवस तर सोडाच, एक रात्रही थांबू नये. श्वास घेताना आवाज येणे किंवा धाप लागणे, थुंकी गिळता न येऊन लाळ गळणे, तोंड उघडता न येणे, घशाच्या एकाच बाजूला असह्य ठणका आणि तोंडात घास धरून बोलल्यासारखा आवाज, ताठ झालेली मान. यातली काही लक्षणे टॉन्सिलमागे पू साठल्याची असतात, तर काही श्वासमार्ग सुजल्याची. अशा मुलाच्या तोंडात चमचा घालून घसा पाहू नये. त्याला बसते ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. घशात करडा पडदा दिसत असेल आणि मान सुजली असेल तर घटसर्पाची शंका घ्यावी. त्याची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान व पाच ते सहा वर्षांना, पुढे १० व १६ व्या वर्षी सरकारी केंद्रांत मोफत मिळते.

मोठ्यांसाठी आणखी एक मर्यादा आहे, तीन आठवड्यांची. आवाज बसला, घसा दुखला किंवा मानेत गाठ आली आणि तीन आठवड्यांत ती तक्रार गेली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तंबाखू, बिडी ओढणाऱ्यांनी आणि मिश्री लावणाऱ्या बायकांनी तर याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये, कारण घशाच्या कर्करोगाची सुरुवात अशी असू शकते.

घरोघरी भिंतीवर कॅलेंडर असते आणि त्यावर दुधाचा हिशेब असतो. घसा दुखायला लागला तो दिवसही तिथेच लिहावा. ताप असून खोकला नसेल तर त्या तारखेपासून दिवस मोजावेत आणि नऊ संपण्याआधी घसा तपासून घ्यावा. लेखकाच्या घरच्या कॅलेंडरवर आता दर एकविसाव्या दिवसाभोवती वर्तुळ असते. पुन्हा स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन झडप आणखी बिघडू नये, म्हणून त्या दिवशी मुलाला पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते आणि ते अनेक वर्षे चालू राहील.