पहिल्या उड्डाणापूर्वी

पुण्याचे कर्वेनगर हा एके काळी हिंगणे बुद्रुक या खेड्याचा माळ होता. इ. स. १९०० मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी तेथे एक झोपडी उभारून आपले स्त्रीशिक्षणाचे कार्य नेले. पुढे त्यांच्याच नावाने ही वस्ती ओळखली जाऊ लागली. आता माळ उरला नाही. घरास घर लागले आहे. याच परिसरात १९९१ पासून मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. समजा, तेथे शिकणाऱ्या तिघी मैत्रिणींनी मिळून बिनतारी संदेशांवर चालणारे, आकाशात कोलांट्या घेणारे एक मोठे विमान बांधले आहे. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते सव्वादोन मीटर भरते, वजन आठ किलोग्रॅम आहे आणि नाकाशी ५० घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन आहे. रस्त्यावरच्या साध्या मोटारसायकलचे इंजिन याच्या दुप्पट असते. विमान तयार आहे. मग उद्याच का उडवू नये?

मुलांनो, याला कोणी खेळणे म्हणू नये. त्याचा पंखा सुमारे ५६ सेंटिमीटर लांबीचा असून मिनिटाला सात हजार फेरे घेतो. गणित करून पाहा : पंख्याच्या टोकाचा वेग ताशी ७०० किलोमीटरहून अधिक भरेल! म्हणून इंजिन सुरू करणे हे मोठ्या माणसांचेच काम होय. आणि पंख्याच्या पुढे किंवा त्याच्या बाजूस रेषेत कोणीही उभे राहू नये.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंग कंपनीच्या एका नव्या, चार इंजिनांच्या विमानाची चाचणी होती. वैमानिक मेजर हिल मोठे अनुभवी होते. जमिनीवर उभ्या विमानाच्या शेपटीच्या फळ्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून त्यांना खीळ घालीत. ती काढण्याचे त्या दिवशी राहून गेले. विमान सरळ वर चढले, थबकले आणि कोसळून पेटले. मेजर हिल त्यात दगावले. त्यानंतर तेथील वैमानिकांनी उड्डाणापूर्वी करावयाच्या कामांची यादी कागदावर लिहून काढली, व ती प्रत्येक वेळी वाचण्याची प्रथा पडली. आपल्या मैत्रिणींच्या हातीही अशीच यादी आहे. एकीने ती मोठ्याने वाचावयाची आणि दुसरीने हाताने तपासावयाचे.

प्रथम तोल. टाकी रिकामी ठेवून, आराखड्यात दाखविलेल्या खुणेवर पंखांखाली बोटे लावून विमान अलगद उचलतात. ते आडवे समतोल राहिले पाहिजे. नाक थोडे जड असले तर विमान आळशी होते, तरी ते उतरविता येते. शेपूट जड असेल तर मात्र ते हाताबाहेर जाते. अशा वेळी शिसे लावण्याआधी आतली बॅटरी पुढे सरकवून पाहावी. वजन न वाढता तोल साधतो.

यानंतरची तपासणी सर्वांत सोपी दिसते आणि तीच अधिक फसवी आहे. पंखांच्या मागच्या कडेस हलत्या फळ्या असतात. हातातल्या यंत्राची दांडी उजवीकडे नेली की उजवी फळी वर आणि डावी खाली गेली पाहिजे. यंत्रातली एक खूण चुकली तर सारे उलट होते. फळ्या तितक्याच चपळाईने हलतात, म्हणून पाहणाऱ्यास सर्व ठीक वाटते. जमिनीवर ही चूक क्षणात सुधारता येते. हवेत मात्र विमान उजवीकडे कलले की वैमानिक ते सावरण्यास दांडी डावीकडे नेतो, आणि विमान आणखीच उजवीकडे कलते. म्हणून विमानाच्या मागे, त्याच्याच दिशेस तोंड करून उभे राहावे आणि ‘उजवी वर, डावी खाली’ असे तोंडाने म्हणत पाहावे.

पेट्रोलात मापून तेल मिसळावे लागते. या इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसते. लिटरमागे सुमारे २५ मिलिलिटर तेल बहुधा पुरते, तथापि निर्मात्याने दिलेले प्रमाण पाळावे. एका सिलिंडरचे इंजिन फार थरथरते आणि त्या थरथरीने स्क्रू ढिले होतात. म्हणून प्रत्येक स्क्रू आणि बिजागरी ओढून पाहावी.

आता मैदान. लोहगावास वायुसेनेचा तळ आणि खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी असल्यामुळे पुण्याचे आकाश मोकळे नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अशी विमाने नजरेच्या टप्प्यातच उडवावी लागतात. कोठे मनाई आहे ते सरकारी नकाशावर पाहून मैत्रिणी शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर जातात. तेथे विमान घट्ट धरून ठेवतात, यंत्राची शक्ती मुद्दाम कमी करतात आणि एकजण तीस पावले दूर जाऊन फळ्या हलवून पाहते. आधी इंजिन बंद असता, मग चालू असता, कारण ठिणगीमुळे बिनतारी संदेशात अडथळा येऊ शकतो. शेवटी यंत्रच बंद करतात. त्याबरोबर इंजिनाचा आवाज मंदावला पाहिजे. तो मंदावला नाही, तर विमान त्या दिवशी गाडीत घालून परत न्यावयाचे, मग पाहण्यास कितीही मंडळी जमलेली असोत.

सर्व जमले, की विमान वाऱ्याच्या तोंडाशी धावू लागते आणि उचलते. पहिल्या दिवशी कोलांट्या नाहीत. पुरेशी उंची गाठावयाची, विमान हात न लावता सरळ जाते की कलते ते पाहावयाचे, वेग कमी केल्यावर ते कसे वागते ते उंचावरच अजमावयाचे. पाच-सहा मिनिटांत, टाकीत इंधन शिल्लक असतानाच, ते खाली आणावयाचे. मग पंखा थांबतो, आतली बॅटरी बंद होते, आणि तीच यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली जाते.