आजारपणात कॉलेज बुडते तेव्हा

वर्षावासाचे तीन महिने म्हणजे आपल्या मावळात पावसाचे, डासांचे आणि कॉलेजच्या पहिल्या सत्राचेही महिने. नवलाख उंबरे, बधलवाडी भागातली आपली मुले-मुली तळेगावला, वडगावला, कुणी लोकलने पुण्याला शिकायला जातात. बहुतेक घरांत कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच. म्हणून मूल तापाने फणफणले की आईबापांना औषधाइतकाच हजेरीचा घोर लागतो.

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका मुलीला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होते, म्हणून पोरगी डबा घेऊन निघाली आणि स्टँडवरच चक्कर येऊन पडली. आम्ही तिला दवाखान्यात नेले, सलाईन लागले, वाचली. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तासच जास्त धोक्याचे असतात, हे किती घरांत माहीत आहे? त्या वेळी पोटात सतत दुखणे, उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे यातले काहीही दिसले तर थेट दवाखाना गाठा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्रुफेन देऊ नका.

आता हजेरीचा हिशोब मांडू. अट साधारण ७५ टक्क्यांची असते. सत्रात ९० दिवस शिकवणे धरले तर २२ दिवस बुडूनही मूल अटीत बसते. डेंग्यूत कामाचे बारा दिवस गेले तरी दहा शिल्लक राहतात. पण प्रॅक्टिकल आठवड्यातून एकदाच असते. बारांपैकी चौथे बुडाले की मूल ७५ च्या खाली गेले. नर्सिंगला तर याहून कडक नियम आहे: थिअरीला ८० टक्के हजेरी लागते, आणि वॉर्डातले काम पूर्ण १०० टक्के भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. तेव्हा कॉलेजला जावई सापडला म्हणून, मित्राचा वाढदिवस म्हणून उगाच दिवस घालवू नका. ते दिवस आजारपणासाठी राखलेले आहेत असे समजा.

खरे नुकसान कागद नसल्याने होते. त्या मुलीच्या घरी ना अर्ज होता, ना केसपेपर. औषधे मेडिकलवाल्याला विचारून आणलेली. सत्र संपताना नापात्रांच्या यादीत तिचे नाव लागले. वर्ष गेले तर शिष्यवृत्तीही अडते. आई कॉलेजात जायला घाबरत होती, "साहेब काय म्हणतील ताई?" शेवटी मंडळातल्या दोघीजणी सोबत गेलो, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड दाखवले, तेव्हा प्रकरण मिटले. आम्ही मात्र दोन खेपा आणि दोन दिवसांची मजुरी घालवून बसलो.

म्हणून पहिल्या दिवशीच वर्गशिक्षकांना मोबाइलवर निरोप द्या. तीन दिवसांपेक्षा जास्त लागेल असे दिसले की प्राचार्यांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहा: नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, कधीपासून आजारी, बुडालेली प्रॅक्टिकल व चाचणी पुन्हा घ्यावी ही विनंती. दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोच घ्या. केसपेपर, तपासणीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा. सर्टिफिकेट त्याच वेळी मागा. मागची तारीख टाकून प्रामाणिक डॉक्टर देत नाही, आणि मागूही नये.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. १९२० मध्ये ते परत गेले, ते त्याच परवानगीच्या आधारावर. आपला अर्ज त्यापुढे फारच लहान.

लसीसाठीही दिवस जातो. २० ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली कॉलेजे उघडली तेव्हा दोन डोस घेतलेल्यांनाच प्रवेश होता, आणि पुढे काही दिवस कॉलेजातच लसीकरण झाले. लसीनंतर एखादा दिवस अंग दुखते, ताप येतो. तारीख आपल्या हातात असेल तर शनिवारी घ्यावी.

कुत्रे चावल्यावर मात्र शनिवारची वाट पाहायची नाही. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी डोस असतो. रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शनही लागते. परीक्षा आहे म्हणून डोस चुकवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही. कार्ड दाखवून प्रॅक्टिकलची बॅच बदलून मागा.

क्षयरोगाचे नाव कॉलेजात कळेल या भीतीने काही मुले शिक्षण सोडतात. उपचार निदान सहा महिन्यांचे, तपासणी व औषधे मोफत, आणि पोषणासाठी दरमहा १००० रुपये खात्यात येतात. औषध नीट चालू असेल तर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो. डॉक्टरांनी होकार दिला की वर्गात बसता येते. सर्टिफिकेट बंद पाकिटात प्राचार्यांच्या हातात द्या. वर्गात कुणाला सांगायची गरज नाही.

पहिल्या सत्राची यादी लागण्याआधी, अश्विन पौर्णिमेला विहारात येताना ज्यांची हजेरी कमी आहे त्यांनी आपले कागद घेऊन यावेत. अर्ज तिथेच बसून लिहू.